म्हैसूरहून आलेला हुंकारा

गुंजवण्यातल्या ज्या घरात तुम्ही रात्री पिठलं-भाकरी खाऊन पडवीत पथारी पसरली, त्या घरातली आजी आत नातवाला गोष्ट सांगत होती. तुम्ही अर्धवट झोपेत होता. गोष्ट नीट कळली नाही, पण नातवाचा हुंकारा मात्र स्पष्ट ऐकू येत होता. आजी एक वाक्य बोले, पोरगं ‘हूं’ म्हणे, मगच पुढचं वाक्य येई. हळूहळू पोराचा आवाज जड झाला, हूं लांबत गेलं आणि एकदा ते आलंच नाही. आजीने राजपुत्राला रानाच्या मधोमध उभं ठेवून गोष्ट थांबवली. ऐकणाराच नाही, तर सांगायचं कोणाला?

आता पहाट आहे. तुम्ही चोरदरवाज्याची वाट धरली आहे. ती झाडीतून पद्मावती माचीकडे चढते. राजगड समोर आहे, पण ढगाने पुरता झाकला आहे. तुमच्या कानात पियानो आहे. साथीला दुसरं वाद्य नाही. निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराने १९२८ मध्ये लिहिलेल्या सहा कथा, ऑपस ५१. मेट्नरने आयुष्यात पियानोसाठी अशा ३८ कथा लिहिल्या. त्यांतल्या बहुतेकींना नावसुद्धा नाही, फक्त क्रमांक आणि स्वर. या सहा मात्र त्याने दोघांना अर्पण केल्या: सिंड्रेलाला आणि इवानुष्काला. इवानुष्का म्हणजे रशियन परीकथांमधला तिसरा, धाकटा भाऊ, ज्याला सगळे मूर्ख म्हणतात. मोठे दोघे घोड्यांवरून जग जिंकायला निघतात आणि हा घरातल्या भल्यामोठ्या चुलीवर लोळत असतो. सिंड्रेला तर राखेतच बसलेली. दोघंही चुलीजवळची माणसं आणि दोघांनाही तिथून उठून फार लांब जायचं आहे.

पहिली कथा डी मायनरमध्ये आहे. बोटं पट्ट्यांवर टेकतात न टेकतात तोच उचलली जातात. तुम्ही आधारासाठी लोखंडी रेलिंगकडे हात नेता आणि हाताला कारवीच्या काटक्या लागतात.

रेलिंग नाही. वर्ष १६६६. पायाखालची माती तीच, पण वाट आता अरुंद आहे आणि गडावर पहारा जागा आहे. तुमच्या पुढे काही बैरागी चढत आहेत. अंगाला राख, पायांना भेगा, आणि चाल मात्र भिक्षा मागणाऱ्याची नाही. बखरी सांगतात ते असं: बैरागी जिजाऊसाहेबांसमोर उभे राहतात, त्यांच्यातला एक आशीर्वाद देण्याऐवजी पुढे होऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो. बैराग्याने आपल्या पाया पडावं याचं त्यांना नवल वाटतं, आणि मग त्या त्याला ओळखतात. आग्र्याहून निसटलेला मुलगा परत आला आहे.

इतिहासाचे अभ्यासक या प्रवासातला एकेक दिवस तपासत राहतील. तुम्ही ते त्यांच्यावर सोडा आणि संध्याकाळपर्यंत खालीच थांबा, कारण इथे दुसरं काहीतरी घडतं आहे. बातमी गडावरून उतरते. वस्तीवर कोणीतरी ती सांगतो, ऐकणारा ‘मग?’ म्हणतो, आणि त्या एका ‘मग?’सरशी पेटारे आणखी मोठे होतात, पहारेकरी आणखी आंधळे होतात, नद्यांना पूर चढतो. राख फासून निघालेला राजा घरी येतो, हे मावळाने पाहिलं आणि त्याच दिवशी त्याची गोष्ट केली. तुमच्या कानात वाजणारं वाद्य मात्र अजून जगात नाही. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी ते १७०० च्या सुमारास घडवेल.

दुसरी कथा ए मायनरमध्ये, गाता येईल अशी. तिच्याबरोबर तुम्ही दोनशे वर्षं ओलांडता आणि दख्खनच्या पठारावर एका छावणीत येता.

१८६५ चा हिवाळा. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दौऱ्यावर आहे. मागे पुण्याला गणेशखिंडीत त्याच्या नव्या निवासस्थानाचं बांधकाम चालू आहे. छावणीत तंबू, उंट, कारकून, शिपाई आणि गव्हर्नरची वीस वर्षांची मुलगी मेरी. तिच्यासोबत तिची आया आहे, अॅना लिबरेटा डिसूझा. अॅनाचं घराणं मूळचं कालिकतकडचं, लिंगायत. ते गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथे ख्रिस्ती झालं. तिची आजी गोष्टी सांगायची. मिससाहेबांचा वेळ जात नाही, तेव्हा अॅना आजीकडच्या गोष्टी काढते. मेरी नुसती ऐकत नाही, लिहून घेते. आणि लिहून झालं की काही राहिलं नाही ना, म्हणून अॅनाला वाचून दाखवते.

तुम्ही कनातीच्या बाहेर बसा. आतून पंचकिनची गोष्ट ऐकू येते. पंचकिन नावाच्या जादूगाराने राजकन्या बालनाला पळवून नेलं आहे. त्याला मारायचं कसं? त्याचा जीव त्याच्यात नाहीच. लाखो मैल दूर घनदाट रान आहे, रानात ताडांचं वर्तुळ आहे, वर्तुळाच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकीवर एक ठेवल्या आहेत, आणि सगळ्यांत खालच्या घागरीखाली पिंजऱ्यात एक हिरवा पोपट आहे. त्या पोपटात पंचकिनचा जीव आहे. बालनाचा मुलगा मोठा होतो आणि पोपटाच्या शोधात निघतो.

याच सुमारास रशियात अलेक्सांद्र अफनास्येव्हने लोककथांचे खंड छापून पूर्ण केले आहेत. त्यांत काश्चेई आहे, न मरणारा. त्याचा मृत्यू सुईच्या टोकावर, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी झाडाखाली आणि झाड समुद्रातल्या बेटावर. पंचकिनच्या घागरी आणि काश्चेईची पेटी एकाच घरातल्या असाव्यात इतक्या जवळच्या आहेत. कोणी कोणाकडून घेतलं, हा शोध विद्वानांनी मनापासून केला आहे, आणि तो करण्यासारखाच आहे. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती गोष्टीची चिकाटी. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी आज्यांच्या तोंडून ती चालत आली, आणि वाटेत कुठेही एका रात्रीपुरता जरी ऐकणारा भेटला नसता तरी ती तिथेच संपली असती. अॅनाला मेरी भेटली. १८६८ मध्ये लंडनला हे पुस्तक निघालं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. आपल्याकडच्या लोककथांच्या पहिल्या मोठ्या इंग्रजी संग्रहांपैकी ते एक, आणि सांगणारी बाई कोण, कुठली, हे त्यात नावानिशी आणि तिच्याच शब्दांत आहे. त्या काळात असं फार कमी जणांनी केलं.

तिसरी कथा ए मेजर. शांत, डौलदार. मला इथे नेहमी सिंड्रेला दिसते, पण मेट्नरने तसं कुठे लिहिलेलं नाही.

१९२८, पॅरिसच्या जवळ. खोलीत पियानो आणि पियानोपाशी अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. टक्कल पडत चाललेलं, नजर आत वळलेली. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून १९०० मध्ये पियानोवादनाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन हा बाहेर पडला. वादक म्हणून सहज नाव आणि पैसा मिळवला असता, पण त्याने रचना करायचं ठरवलं. क्रांतीनंतर, १९२१ मध्ये, त्याने रशिया सोडला. मागच्याच वर्षी, १९२७ मध्ये, तो तिथे वाजवण्यासाठी जाऊन आला आहे. परत आल्यावर त्याने या सहा कथा लिहिल्या. चूल मागे राहिलेल्या माणसाने चुलीजवळच्या दोघांना त्या अर्पण केल्या.

त्याच्या मागे उभे राहा आणि हातांकडे बघा. गोष्ट म्हटलं की आपण प्रसंग शोधतो: इथे घोडा आला, इथे राजवाडा आला, इथे बाराचे टोले पडले. मेट्नर तसं काही करत नाही. त्याच्या पियानोत प्रसंग नाहीत, सांगणारा आहे. उजवा हात एक ओळ सुरू करतो, मध्येच थबकतो, तेच थोडं बदलून पुन्हा म्हणतो. डावा हात त्याच्याखाली वेगळ्याच लयीत चालतो, जसं सांगणाऱ्याच्या मनात गोष्टीबरोबर दुसरं काही चालू असतं. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांत आणखी एक आवाज दडलेला असतो. तो पहिल्या ऐकण्यात कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी कळतो, आणि मग ती सगळी कथा त्याचीच होती असं वाटू लागतं. प्रवास असतो तो स्वरांचा. ओळ आपल्या मूळ स्वरातून निघते आणि परक्या स्वरांत जाते. तिथे तिचा चेहरा इतका बदलतो की ओळखू येऊ नये. मग ती परत येते. शब्द तेच असतात, पण आता म्हणणारा रान पाहून आलेला असतो.

हे ऐकणारे त्या काळात कमी होते. पॅरिसला स्ट्राविन्स्की हवा होता, नवे आघात, नवे स्वरमेळ. मेट्नरला ते पटत नव्हतं आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. पुढे १९३५ मध्ये त्याने आधुनिक संगीताच्या विरोधात एक पुस्तकच लिहिलं. ते छापायला सर्गेई राखमानिनोव्हने मदत केली. राखमानिनोव्ह त्याचा जिवलग. दोघांनी एकमेकांना आपापला एकेक कॉन्चेर्टो अर्पण केला आहे. राखमानिनोव्हचं ‘हूं’ मेट्नरला वर्षानुवर्षं होतं. पण तो अमेरिकेत, मैफलींच्या धावपळीत, आणि एका मित्राच्या हुंकाऱ्यावर कथा किती दिवस चालेल? आधुनिक संगीताबद्दलची मेट्नरची सगळी मतं मला पटत नाहीत. पण ज्या गोष्टीवर आपला विश्वास आहे तीच सांगत राहायचं आणि सभेचा कल बघून बदलायचं नाही, हा त्याचा हट्ट मला फार मोठा वाटतो.

चौथी कथा चढावर सरून जाते, पाचवीही. दोन्ही एफ शार्प मायनर. त्यांच्यासोबत वर्षंही जातात. मेट्नर दांपत्य लंडनला येतं. युद्ध सुरू होतं. त्याचा प्रकाशक जर्मनीत, म्हणून तिकडचं उत्पन्न बंद. शिष्या एडना आइल्स त्यांना वॉरिकशायरमध्ये आसरा देते. १९४२ मध्ये हृदयविकाराचा झटका येतो. त्याच दिवसांत तिसरा पियानो कॉन्चेर्टो पूर्ण होत असतो, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत आजारातून उठलेला मेट्नर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो स्वतः वाजवतो. पुढचं वर्षही असंच जातं. शिकवण्या, थोडे पैसे, थोडे श्रोते.

सहावी कथा, जी मेजर. लय कुठेही ढिली सोडायची नाही अशी सूचना तिच्या माथ्यावर आहे. ही इवानची, असं मी धरून चालतो. बावळट चेहऱ्याने ताठ चालणारा, कोणीही हसलं तरी वेग न बदलणारा.

तिच्या पहिल्या ठोक्याला तुम्ही म्हैसूरच्या राजवाड्यात आहात. १९४६.

जयचामराजेंद्र वाडियार सत्तावीस वर्षांचे आहेत. त्यांना पियानोवादक व्हायचं होतं, दरबारी हौस म्हणून नव्हे, मैफलीत बसणारा वादक. १९४० मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील आणि मग चुलते, म्हणजे महाराज, वारले आणि एकविसाव्या वर्षी गादीवर बसावं लागलं. पियानो राहिला, मैफल राहिली नाही. भिंतीभर तबकड्या आहेत, हजारो. बाख, बेथोव्हन, राखमानिनोव्ह. मेट्नरच्या मात्र शोधून शोधून हाताला लागतात त्या मोजक्या. महाराज ‘मिळत नाहीत’ म्हणून गप्प बसत नाहीत. म्हैसूर संस्थानच्या लंडनमधल्या प्रतिनिधीकरवी ते मेट्नरपर्यंत पोहोचतात. निरोप थोडक्यात असा की तुमचं संगीत तुमच्याच हातांनी वाजवलेलं हवं आहे, खर्च आम्ही करू.

लंडनमधल्या त्या छोट्या घरात तुम्ही मेट्नरच्या शेजारी बसला असता, तर हा निरोप तुम्हालाही परीकथेतला वाटला असता. समुद्रापलीकडे एक राजा आहे, त्याला तुझ्या सगळ्या कथा ऐकायच्या आहेत. साठी उलटलेल्या आजारी माणसाला हे कोणी आधी सांगितलं असतं, तर त्याने विश्वास ठेवला नसता.

एच. एम. व्ही.च्या वॉल्टर लेगने काम अंगावर घेतलं आणि ‘मेट्नर सोसायटी’ उभी राहिली. आता १९४७, अॅबी रोडचा स्टुडिओ. तुम्ही काचेपलीकडे उभे आहात. पलीकडे मेणाची जाड थाळी फिरते आहे आणि तिच्यात सुई सूर कोरते आहे. इथे कापाकापी नाही, जोडाजोडी नाही. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण चार मिनिटं. शेवटच्या ओळीत बोट घसरलं, तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. सदुसष्ट वर्षांचा, हृदयविकाराने थकलेला मेट्नर पियानोपाशी येतो. दिवा लागतो. तुम्ही घड्याळाकडे बघता, तो बघत नाही. सोनाटे आणि कॉन्चेर्टो अनेक बाजूंवर तुकड्यांत विभागावे लागतात, पण त्याच्या कितीतरी कथा तबकडीच्या एका बाजूत अखंड मावतात. एक बाजू, एक कथा. आजीने एका दमात सांगावी तेवढीच लांब.

त्या वर्षी त्याने आपले तिन्ही कॉन्चेर्टो फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रित केले, आणि तिसरा म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला.

आता जरा मागे वळा, कारण १९४७ हे साल लंडनपेक्षा इकडे जास्त पेटलेलं आहे. देश स्वतंत्र झाला आहे. सप्टेंबरमध्ये म्हैसूरच्या रस्त्यांवर ‘म्हैसूर चलो’ची माणसं आहेत. त्यांना जबाबदार राज्यपद्धती हवी आहे, गोळीबार आणि तुरुंग चालू आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये महाराजांना ती मागणी मान्य करावी लागते. त्याच महिन्यांत त्याच संस्थानच्या पैशावर लंडनमध्ये एका रशियन माणसाच्या कथा मेणात कोरल्या जात आहेत. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. तो पैसा शेवटी रयतेच्या घामाचा होता आणि रस्त्यावरच्या माणसाची मागणी खरी होती. आणि तरीही, त्या वर्षी तो हुंकारा आला नसता, तर मेट्नरच्या हातांतल्या कितीतरी कथा आज आपल्याला फक्त कागदावर मिळाल्या असत्या. मी या दोन्ही गोष्टी एकमेकींनी पुसत नाही.

एका अल्बमवर हे थांबलं नाही. दुसरा झाला, तिसरा झाला. १९५० मध्ये एलिझाबेथ श्वार्त्सकोफ मेट्नरची गाणी गायली आणि साथीला पियानोवर तो स्वतः बसला. त्याच वर्षी, २२ मे रोजी, रिचर्ड स्ट्राउसची शेवटची चार गाणी लंडनमध्ये पहिल्यांदा गायली गेली. त्या मैफलीच्या खर्चाची हमीही म्हैसूरच्या महाराजांची होती. महाराज स्वतः येऊ शकले नाहीत. त्यांच्यासाठी ती ध्वनिमुद्रित करून पाठवण्यात आली. आज आपण ती मैफल ऐकू शकतो ती एवढ्यामुळे. स्वतः मंचावर बसायचं स्वप्न सुटलेल्या माणसाने ऐकण्याचं काम इतक्या निष्ठेने केलं. पियानोवर न लिहिलेलं त्यांनी कर्नाटक संगीतात लिहिलं. त्यांच्या ९४ कृती आहेत, आणि दक्षिणेत त्या आजही गायल्या जातात.

मेट्नर १३ नोव्हेंबर १९५१ रोजी लंडनमध्ये वारला. त्याच्या पत्नीने, अॅनाने, हस्तलिखितं जपून ठेवली आणि १९५८ मध्ये ती रशियाला परतली. गोष्टीतल्या छावणीतल्या आयेचंही नाव अॅनाच होतं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

शेवटचा मुक्काम मॉस्को, १९६३. पुस्तकांच्या दुकानात मेट्नरच्या समग्र रचनांचा बारावा खंड आला आहे. पहिला १९५९ मध्ये निघाला होता. एमिल गिलेल्ससारखा वादक आता त्याचे सोनाटे मैफलीत वाजवतो. तुमच्या शेजारी कॉन्झर्व्हेटरीतली एक मुलगी पियानोच्या कथांचा खंड हातात घेऊन उभी आहे. डी मायनरमधल्या पहिल्या कथेचं पान उघडून ती काउंटरच्या कडेवर बोटं चालवून बघते. डावा हात जमत नाही. ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेते, पुन्हा अडते, खंड मिटते आणि पिशवीतून पैसे काढायला लागते.